ईमेलमधून साहित्य पाठवताना: साध्या मजकुराची शिस्त

आषाढ सरत आला की मुंबईतल्या दिवाळी अंकांच्या मेलपेट्या भरायला लागतात. कथा, कविता, ललित, मधूनच एखादा भलामोठा लेख. दादर-गिरगावातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या कार्यालयात संपादक ते वाचतात. निवडलेला मजकूर डीटीपी करणाऱ्याकडे, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याकडे जातो, तिथून मुद्रितशोधनाला, परत डीटीपीकडे आणि शेवटी छापखान्यात. वाटेत तो चार-पाच संगणकांवर, तितक्याच वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडला जातो. म्हणून काही संपादक स्पष्टच सांगतात, “फाइल जोडू नका. मजकूर मेलमध्येच, साध्या टेक्स्टमध्ये पाठवा.”

लेखक इथे गोंधळतो. शीर्षक ठळक कसं करायचं? कविता मधोमध कशी आणायची? नायिकेची डायरी तिरप्या अक्षरात कशी दाखवायची?

उत्तर असं की यातलं काहीच करायचं नाही. साध्या मजकुरात फक्त अक्षरं आणि चिन्हं प्रवास करतात. जाडी, रंग, आकार, मध्यभाग, समास यातलं काहीही पुढे जात नाही. त्यामुळे संपादकाला जे सांगायचं आहे ते दिसण्यातून न सांगता अक्षरांतून सांगायचं. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचे सगळे संकेत तिच्यातूनच निघतात.

हे फार नवीनही नाही. १९०९ साली का. र. मित्र यांनी मुंबईहून ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कित्येक दशकं हस्तलिखितं कागदावर यायची. पाठपोट लिहू नका, समास सोडा, दोन ओळींत अंतर ठेवा, या सूचना सजावटीसाठी नव्हत्या. खिळे जुळवणाऱ्याला मजकूर नीट वाचता यावा आणि संपादकाला दुरुस्ती लिहायला जागा मिळावी म्हणून होत्या. आजच्या सूचनाही त्याच जातीच्या आहेत.

सगळ्यात आधी फॉन्टचा निकाल लावा

मराठीत साधा मजकूर पाठवताना पहिली ठेच इथेच लागते, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत याचा उल्लेखही नसतो.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असतात. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. तो फॉन्ट आहे तोवर सगळं छान दिसतं. साध्या मजकुरात फॉन्टच नसतो. त्यामुळे असा मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला रोमन अक्षरांचा काला दिसतो.

युनिकोड ही जगभरच्या लिप्यांसाठीची एक सामाईक सांकेतिक पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. तिथे ‘क’ हा कायम ‘क’च असतो, फॉन्ट कोणताही असो. साधा मजकूर पाठवायचा तर तो युनिकोडमध्येच हवा, याला पर्याय नाही. मोबाइलवर टाइप केलेलं, किंवा इनस्क्रिप्ट या कळमांडणीने वा गूगलच्या मराठी कीबोर्डने लिहिलेलं सगळं युनिकोडच असतं. प्रश्न येतो तो जुन्या फायलींचा, किंवा नाक्यावरच्या दुकानातून टाइप करून आणलेल्या मजकुराचा.

ओळखायचं कसं? चार ओळी निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड. रोमन अक्षरं उमटली तर जुना फॉन्ट.

जुना असेल तर कन्व्हर्टरने, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमने बदलून घ्या. मात्र नेमका फॉन्ट कोणता हे कन्व्हर्टरला सांगावं लागतं, कारण या फॉन्टची आतली मांडणी एकमेकांशी जुळत नाही. रूपांतर झाल्यावर मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी वाचा. मान्य आहे, कंटाळवाणं काम आहे. पण चुका ठरलेल्या जागी होतात, त्यामुळे नजर लवकर बसते. रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. पहिली वेलांटी एक घर चुकते. श्र, द्ध, ह्म यांसारखी जोडाक्षरं फुटतात. अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. आणि मजकुरात मुळात खरे इंग्रजी शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही जुन्या फॉन्टची मराठी समजून बदलून टाकतो. मग ‘बेस्ट’ची बस कुठल्या तरी अनाकलनीय जोडाक्षरावर धावते. इंग्रजी शब्दांची यादी आधीच वेगळ्या कागदावर करून ठेवली तर हे शोधणं सोपं जातं.

एक भाबडी शंका नेहमी येते. अंकाचा डीटीपीवाला स्वतः श्रीलिपीत काम करतो, मग त्याला श्रीलिपीच का देऊ नये? कारण मधे मेल आहे आणि मेलला श्रीलिपी कळत नाही. युनिकोडमधून त्याला हव्या त्या फॉन्टमध्ये नेणं हे त्याचं रोजचं काम आहे, ते त्याला करू द्या.

मजकूर गाळून घ्या

वर्डमधून थेट मेलमध्ये चिकटवलं तर मजकुराबरोबर फॉन्ट, रंग, अंतरं असा सगळा अदृश्य लवाजमा येतो. तो गाळायचा सोपा मार्ग म्हणजे नोटपॅड. वर्डमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि जे उरेल ते नीट बघा. संपादकापर्यंत पोहोचणार आहे ते एवढंच. तळटीपा गळालेल्या असतील. वर चढवलेले आकडे खाली उतरलेले असतील, म्हणजे चौरस मीटरच्या खुणेतला दोन आता नुसता ‘मी२’ झालेला असेल. तक्त्याच्या चौकटी विरघळलेल्या असतील. या सगळ्याची सोय मेल पाठवण्याआधी इथेच लावायची.

मॅकवर टेक्स्टएडिटमध्ये ‘फॉरमॅट’ या मेन्यूत साध्या मजकुराचा पर्याय असतो, तो आधी निवडा. नाहीतर तेही शोभिवंत मजकूरच देतं.

आता मेल. संगणकाच्या ब्राउझरवर जीमेल वापरत असाल तर नवा मेल उघडा, त्या खिडकीच्या तळाशी तीन ठिपके आहेत ते दाबा आणि ‘प्लेन टेक्स्ट मोड’ला खूण करा. क्लासिक आउटलुकमध्ये ‘फॉरमॅट टेक्स्ट’मध्ये ‘प्लेन टेक्स्ट’ सापडतं. थंडरबर्डमध्ये नवा मेल उघडताना शिफ्टची कळ दाबून धरली तर नेहमीच्या उलट प्रकारचा मेल उघडतो. म्हणजे नेहमी शोभिवंत उघडत असेल तर साधा.

फोनवरून पाठवणाऱ्यांसाठी: मजकुरावर बोट दाबून धरल्यावर येणाऱ्या यादीत साधा मजकूर म्हणून चिकटवण्याचा पर्याय अनेक अँड्रॉइड फोनवर असतो, तो वापरा. संगणकावर हेच काम कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबून होतं. लोकलमध्ये उभ्याने टाइप केलेली कथा पाठवायला काहीच हरकत नाही, चांगल्या कथा तिथेही होतात. पण फोनचा शब्द सुचवणारा कीबोर्ड ‘पाणी’चं ‘पानी’ कधी करतो ते कळत नाही. बोलून टाइप केलेलं असेल तर पूर्णविरामांचा पत्ता नसतो. घरी पोचल्यावर मोठ्या पडद्यावर एकदा वाचा आणि मगच पाठवा.

काही ठिकाणी मेलऐवजी टेक्स्ट फाइलच मागतात. अशी फाइल जतन करताना ‘एन्कोडिंग’, म्हणजे अक्षरं साठवायची सांकेतिक पद्धत, विचारली जाते. तिथे यूटीएफ-८ निवडायचं. जुन्या विंडोजमधलं नोटपॅड आपण होऊन ‘एएनएसआय’ सुचवायचं, आणि त्यात देवनागरी जतन केली की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह व्हायचं. २०१९ नंतरच्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ आपोआप येतं. तरी एकदा बघून घ्या.

मेलची मांडणी

विषयाच्या ओळीत साहित्यप्रकार, शीर्षक, नाव आणि शब्दसंख्या द्या. ‘दिवाळी अंकासाठी’ एवढाच विषय असलेले मेल संपादकाकडे ढिगाने पडलेले असतात.

आत साधारण अशी रचना ठेवा:

विषय: कथा – शेवटची कर्जत – (तुमचं नाव) – सुमारे २८०० शब्द

स. न. वि. वि.
सोबत ‘शेवटची कर्जत’ ही कथा पाठवत आहे. कथा अप्रकाशित आहे आणि सध्या अन्यत्र पाठवलेली नाही.
ठळक करायचे शब्द *ताऱ्यांत* दिले आहेत. प्रसंगबदल तीन ताऱ्यांनी दाखवला आहे.

नाव, टोपणनाव असल्यास तेही
पत्ता, फोन

==========

शेवटची कर्जत

(छापायचं नाव)

पहिला परिच्छेद…

(समाप्त)

पत्र आणि साहित्य यांच्यामध्ये बरोबरच्या चिन्हांची आडवी ओळ आहे, ती मुद्दाम. तिच्या वरचं संपादकासाठी, खालचं छापण्यासाठी. हा भेद स्पष्ट नसेल तर ‘आपला कृपाभिलाषी’ कथेच्या पहिल्या परिच्छेदात घुसू शकतो.

खरं नाव आणि छापायचं नाव दोन्ही द्या. मानधनाचा धनादेश टोपणनावाने वटत नाही.

शेवटी कंसात ‘समाप्त’ लिहिणं काहींना जुनाट वाटतं. मेलमध्ये ते कागदापेक्षा जास्त गरजेचं आहे. कागदावर शेवटचं पान दिसतं. लांब मेल मात्र काही ठिकाणी अर्ध्यावर कापून दाखवला जातो आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी बारीक दुवाओळ येते. ती दाबायची राहिली तर कथा तिथेच संपली असं वाटू शकतं, आणि आजच्या कथा कुठेही संपू शकतात.

‘समाप्त’च्या खाली काही ठेवू नका. फोनने आपोआप चिकटवलेली ‘माझ्या अमुक फोनवरून पाठवलं’ ही ओळ काढून टाका.

परिच्छेद आणि ओळी

दोन परिच्छेदांमध्ये एक पूर्ण रिकामी ओळ सोडा. परिच्छेदाची सुरुवात आत सरकवण्यासाठी टॅब किंवा चार-पाच स्पेस देऊ नका. त्या वाटेत गळतात, किंवा न गळता डीटीपीवाल्याच्या डोक्याला ताप देतात.

परिच्छेदाच्या आत ओळ संपली म्हणून एंटर मारू नका. टंकलेखनयंत्राची सवय असलेले काही ज्येष्ठ लेखक अजून प्रत्येक ओळीअखेर एंटर मारतात. मग अंकाच्या दोन स्तंभांच्या पानावर ती ओळ मधेच तुटते, पुढे अर्धी ओळ रिकामी, पुन्हा तेच.

रिकाम्या ओळीचा हट्ट का, हे समजून घेण्यासारखं आहे. ईमेलच्या मूळ तांत्रिक नियमांत एक ओळ ७८ अक्षरांपेक्षा लांब नसावी अशी शिफारस आहे, आणि ९९८च्या पलीकडे तर मनाईच आहे. त्यामुळे साधा मजकूर पाठवताना बरेच मेल प्रोग्रॅम ओळी स्वतःच तोडतात. थंडरबर्ड मुळात ७२ अक्षरांवर, आउटलुक ७६ वर. तुम्ही एंटर मारला नसला तरी समोरच्याला तुटलेल्या ओळी मिळू शकतात. पलीकडचा माणूस त्या एका झटक्यात जोडू शकतो: एकेरी एंटर काढून टाक, दुहेरी एंटर तसाच ठेव. पण हे कधी जमेल? तुमच्या परिच्छेदांमध्ये खरोखर दुहेरी एंटर असेल तरच. नसेल तर अख्खी कथा एका सलग परिच्छेदात जमा होते आणि संवाद कुणाचा ते शोधायला पुन्हा मूळ मेल उघडावा लागतो.

प्रसंग बदलताना नुसती जास्तीची रिकामी ओळ पुरत नाही, कारण रिकामी ओळ आता सगळीकडेच आहे. स्वतंत्र ओळीवर तीन तारे द्या:

* * *

इथे एक छुपा खड्डा आहे. प्रसंगबदलासाठी स्वतंत्र ओळीवर नुसत्या दोन आडव्या रेघा देऊ नका. मेलच्या जगात दोन रेघा आणि त्यापुढे एक स्पेस याचा ठरलेला अर्थ ‘इथून खाली पाठवणाऱ्याची सही’ असा आहे. काही प्रोग्रॅम त्याखालचा मजकूर फिका करतात, आणि उत्तर देताना किंवा पुढे पाठवताना तो सरळ कापून टाकतात. तसंच ओळीच्या सुरुवातीला ‘>’ हे चिन्ह देऊ नका. त्याचा अर्थ ‘आधीच्या मेलमधला उतारा’ असा घेतला जातो.

ठळक, तिरपं आणि कथेतली पत्रं

एखाद्या शब्दावर जोर हवा असेल तर त्याच्या आधी आणि नंतर एकेक तारा द्या: ती *परत* आली. अधोरेषाही चालते, पण देवनागरीत उकार-ऊकार खाली येतात आणि त्यांच्या गर्दीत ती नजरेतून सुटते. माझं मत ताऱ्याच्या बाजूने आहे. दोन्ही मिसळू नका आणि काय वापरलं ते पत्रात सांगा.

तिरप्या अक्षरांचा मोह मात्र मुळातच आवरा. तो रोमन लिपीचा संस्कार आहे. देवनागरी फॉन्टमध्ये खास घडवलेला तिरपा ठसा क्वचितच असतो. बहुतेक वेळा संगणक सरळ अक्षर नुसतं कलवून देतो आणि शिरोरेषेसकट ते बेढब दिसतं. मराठी छपाईत हे काम एकेरी अवतरणं किंवा ठळक ठसा करत आले आहेत.

कथेत पत्र, डायरी किंवा व्हॉट्सॲपवरचा संवाद असेल तर चौकोनी कंसात सरळ मराठीत सूचना लिहा. [पत्र सुरू] आणि [पत्र समाप्त]. संपादक ते वेगळ्या ठशात घेतील, आत सरकवतील, काय ते करतील. तुमचं काम ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं एवढं सांगण्याचं.

देवनागरीच्या खास खोड्या

साधा मजकूर म्हटलं की अक्षर न् अक्षर खरं असावं लागतं, कारण त्याला झाकायला दुसरं काही नसतं. मराठीत नेहमी घोळ घालणाऱ्या जागा या आहेत.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. आचार्यास बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यास बोलावलं तर जेवण. काही कीबोर्ड हा अर्धा र लिहिताना ‘र’, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी रचना करतात. वाटेत एखाद्या प्रोग्रॅमने ते अदृश्य चिन्ह गाळलं की सगळ्या ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘तऱ्हा’ यांच्यावर रफार चढतो. त्याऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि मग ‘य’ किंवा ‘ह’ असं लिहिलं तर अदृश्य चिन्हाची गरजच उरत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. तुमचा कीबोर्ड काय करतो ते कळत नसेल तर मजकुरात ‘ऱ’ हे एकच अक्षर शोधून बघा. ‘दुसऱ्या’वर शोध थांबला तर ठीक आहे.

विसर्ग आणि अपूर्णविराम (कोलन) यांची अदलाबदल तर घराघरांत चालते. ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘निःशब्द’ यांत विसर्ग हवा, तिथे कोलन टाइप केला जातो. दिसायला जवळपास सारखंच. पण संगणकाला कोलन म्हणजे शब्द संपला असं वाटतं. शोध फसतो, शुद्धलेखन तपासणी फसते, आणि कधी ओळीच्या शेवटी ‘दु’ राहतो व ‘ख’ खाली उतरतो. उलटी चूक नाटकात सापडते: पात्राच्या नावापुढे कोलनऐवजी विसर्ग लागतो आणि ‘आईः’ असं संस्कृत पात्र रंगमंचावर येतं.

‘ॲ’ हे एक अक्षर आहे, तेच वापरा. ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवला किंवा हिंदी कीबोर्डवरचा ‘ऍ’ घेतला तर दिसण्यात किंवा शोधण्यात फरक पडतो. तसंच ‘आ’ लिहिताना ‘अ’ला काना जोडू नका.

लांबवलेल्या हाकेसाठी अवग्रह आहे: ‘आईऽऽ’. त्या जागी इंग्रजी ‘एस’ टाइप करण्याची खोड फार पसरली आहे. फॉन्ट बदलला की ती उघडी पडते. अभंग-ओव्यांमध्ये दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ वापरतात, तेही टाळा. देवनागरीत ‘।’ आणि ‘॥’ ही स्वतंत्र चिन्हं आहेत. गद्यात मात्र मराठीला पूर्णविराम पुरतो.

आकडे देवनागरी किंवा इंग्रजी, कुठलेही एकाच पद्धतीचे ठेवा. अवतरणचिन्हं सरळ असोत वा वळणदार, सगळीकडे सारखी हवीत. वर्डमध्ये लिहिलेली वळणदार आणि फोनवर भर घातलेली सरळ अशी सरमिसळ फार दिसते. वाक्यातल्या डॅशसाठी स्पेस, दोन लहान रेघा, स्पेस असं लिहा. वाक्याच्या मधे ते निर्धोक आहे, धोका फक्त स्वतंत्र ओळीवर. जोडशब्दातल्या एका रेघेच्या बाजूंना स्पेस नको. विरामचिन्हाच्या आधी स्पेस नको, नंतर एकच. टिंबं तीन, सहा नाहीत.

कविता

कवितेत एंटर हा मजकुराचा भाग असतो, त्यामुळे गद्याच्या उलट वागायचं. प्रत्येक ओळीनंतर एंटर, कडव्यानंतर रिकामी ओळ.

धोका तोच, आपोआप तुटणाऱ्या ओळींचा. मोजणी कशी होते ते लक्षात घ्या: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे स्वतंत्र मोजले जातात, म्हणून ‘मुंबई’ पाच भरतं. तरी वृत्तबद्ध कवितेला भीती नाही. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरं, स्रग्धरेत २१. मात्रा-अनुस्वार धरूनही ते मर्यादेच्या बरेच आत राहतात. गझलेचा मिसराही सहसा बसतो. शेरांच्या मधे रिकामी ओळ सोडली की झालं. मार खातो तो मुक्तछंद. पंधरा-वीस शब्दांची एक ओळ लिहिणाऱ्या कवीची ओळ नक्की कुठे तुटेल हे पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमवर ठरतं, आणि संपादकाला वाटतं कवीनेच ती तशी तोडली. अशा कवितेत प्रत्येक ओळीला सुरुवातीला क्रमांक द्या, पत्रात तसं सांगा आणि शेवटी एकूण ओळी व कडवी लिहा. छापताना क्रमांक काढता येतात. हरवलेली ओळ मात्र शोधावी लागते.

ओळी आत-बाहेर सरकवून आकार करणाऱ्या कविता स्पेस देऊन पाठवू नका. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते आणि प्रत्येक फॉन्टमध्ये ती निराळी असते, त्यामुळे तुमच्या पडद्यावरची पायरी दुसऱ्याच्या पडद्यावर राहत नाही. ओळीच्या आधी [आत १], [आत २] असं लिहा, आणि मांडणी खरोखर महत्त्वाची असेल तर हाताने लिहून तिचा फोटो सोबत जोडा. संपादकांनी जोडपत्रं चालणार नाहीत असं म्हटलं असेल तर आधी विचारा.

बाकीचं थोडक्यात

नाटकात पात्राचं नाव, कोलन, स्पेस, संवाद. रंगसूचना कंसात. तळटिपांसाठी मजकुरात [टीप १] आणि टीप लेखाच्या शेवटी, ‘समाप्त’च्या आधी. तक्ते शक्यतो टाळा. फारच गरज असेल तर एका ओळीत एक नोंद, घटक स्वल्पविरामाने वेगळे. फोटो मजकुरात चिकटवू नका. जिथे हवा तिथे [छायाचित्र १: ससून डॉकवरची पहाट] असं लिहा, आणि मागितल्यावर मूळ फोटो त्याच क्रमांकाने पाठवा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसून जातो आणि छपाईला पुरत नाही.

आधी स्वतःला पाठवा

संपादकाला पाठवण्याआधी तोच मेल स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा, किंवा वेगळी मेलसेवा वापरणाऱ्या मित्राला. आलेला मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून वाचा. बिघाड असेल तर त्याच्या रूपावरून आजार ओळखता येतो.

चौकोन दिसले तर घाबरू नका. समोरच्या यंत्रावर फॉन्ट नाही, मजकूर शाबूत आहे.

सगळीकडे प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला. देवनागरी न कळणाऱ्या सांकेतिक पद्धतीत तो कुठेतरी जतन झाला आणि मूळ अक्षरं पुसली गेली. त्या मेलमधून ती परत मिळत नाहीत, मूळ फाइलमधूनच पुन्हा पाठवायचं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हापुन्हा येतो आणि त्याच्यामागे अधूनमधून जपानी येनचं चिन्ह दिसतं, तर मजकूर आत जिवंत आहे, फक्त चुकीच्या चाव्यांनी उघडलाय. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच. वाचणारा प्रोग्रॅम युरोपीय पद्धत लावून बसला की त्या एका अक्षराची तीन चिन्हं होतात, म्हणून तो ‘ए’ दर तीन चिन्हांनी हजर. वाचणाऱ्याने एन्कोडिंग यूटीएफ-८ केलं की बहुधा मराठी परत येतं.

ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्यावर लटकलेली मात्रा किंवा वेलांटी दिसली तर चूक टाइप करणाऱ्याची. व्यंजनाविना मात्रा पडली आहे, नाहीतर एकाच व्यंजनाला दोनदा. मजकुरात तिथे जाऊन दुरुस्त करा.

बिघाड नसला तरी चार शोध घ्या: दोन सलग स्पेस, कोलन, ‘ऱ’ आणि तारा. ताऱ्यांची संख्या सम आली पाहिजे, अर्थात प्रसंगबदलाचे तीन-तीन वगळून. विषम आली तर कुठेतरी ठळक शब्द उघडलाय आणि बंद झालेला नाही.

पाठवल्यानंतर

पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी एक चांगलं विशेषण सुचतं. लगेच पुन्हा मेल करू नका. आणि दुरुस्ती अपरिहार्य असेल तर मूळ मेलला उत्तर म्हणून सगळी कथा परत पाठवू नका. उत्तरांच्या साखळीत जुना मजकूर घडी घालून लपवला जातो आणि कोणती प्रत खरी हे कळेनासं होतं. नवा मेल करा, विषयात शीर्षकापुढे ‘सुधारित’ आणि तारीख लिहा, आणि पत्रात ‘आधीची प्रत रद्द समजावी’ एवढं एक वाक्य घाला.

दोन-चार शब्दांचेच बदल असतील तर अख्खा मजकूर नको. मेलमध्ये पृष्ठक्रमांक नसतात, म्हणून जागा सांगण्यासाठी आजूबाजूचे चार-पाच शब्द उद्धृत करा: ‘फलाटावर कुणीच नव्हतं असं नाही’ या वाक्यात ‘कुणीच’ऐवजी ‘फारसं कुणी’. संपादक तेवढे शब्द शोधून थेट तिथे पोचतात. हेच शब्द कथेत दोनदा येत असतील तर कितव्या वेळचे तेही सांगा.

स्वीकृतीनंतर मुद्रितं पीडीएफच्या रूपात येतात. तिथे पानं आहेत, स्तंभ आहेत, म्हणून दुरुस्ती पान, स्तंभ आणि ओळ अशी सांगायची. ठळक ठसा, मधोमध शीर्षक, पत्राचा वेगळा समास हे सगळं आता पहिल्यांदा दिसेल. पत्रात दिलेल्या खुणा जशाच्या तशा उतरल्या आहेत ना, एखादा तारा छापील मजकुरात राहून तर गेला नाही ना, ओळीअखेर एखादा विसर्ग एकटा पडला नाही ना, हे बघा आणि दुरुस्त्या एकाच मेलमध्ये पाठवा. गणपतीनंतर डीटीपीवाल्याकडे एकाच वेळी अनेक अंकांची कामं असतात. तुकड्यातुकड्यांनी आलेल्या दुरुस्त्यांपैकी शेवटची हमखास राहते.